तारांबळ

माझ्या गिटारीच्या मानेवर ४७ किलोचा ताण आहे हे मला कळलं, तेव्हापासून मी तिच्याशी जरा अदबीने वागतो. लग्नात मी स्वतः सूट, बूट आणि हार धरून ५२ किलोचा होतो. म्हणजे हार आणि बूट वजा केले तर जवळपास एक आख्खा नवरदेव त्या मानेला रात्रंदिवस लोंबकळतोय, आणि ती आपली भिंतीवरच्या खुंटीला टांगलेली, निमूट.

पूर्वी हा आकडा साडेअडतीसच्या आसपास होता. वरचे साडेआठ किलो मी माझ्या हाताने चढवले. भाच्याच्या सांगण्यावरून चढवले, आणि मूळ फरक होता एक हजारांश इंचाचा. त्या एक हजारांश इंचाने आमच्या ठाण्याच्या घरात दीड महिना जो धुमाकूळ घातला, त्याची ही हकिगत.

आधी हिशेब सांगतो. इलेक्ट्रिक गिटारीला सहा तारा. त्यांचं पाकीट मिळतं आणि पाकिटाची ओळख पहिल्या, म्हणजे सगळ्यात बारीक तारेच्या जाडीवरून. ती तार ०.००९ इंचाची असेल तर पाकीट 'नाइन', ०.०१० इंचाची असेल तर 'टेन'. गिटारवाले आपसात बोलताना शून्यं गिळतात. "तू काय लावतोस?" "टेन." "मी इलेव्हन." एवढ्या संवादात एकमेकांची पायरी ठरते. चष्म्याचा नंबर सांगताना माणूस ओशाळतो. इथे नंबर जितका मोठा तितकी छाती पुढे.

मी सहा वर्षं नाइन लावत होतो. मुळात आपण काही लावतो हेच मला माहीत नव्हतं. गिटार घेतली तेव्हा तिच्यावर तारा होत्या, बस्स. मग एका गणपतीत भाचा घरी आला. इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, कॉलेजच्या बँडमध्ये वाजवतो, केस माझ्या बायकोपेक्षा लांब. मोदक तोंडात असतानाच त्याने माझी गिटार हातात घेतली, एक तार बोटाने वर ढकलली आणि डॉक्टरने एक्स-रे बघून बघावं तसं माझ्याकडे बघितलं.

"मामा, तुम्ही नाइन वापरता?"

"का रे?"

"नाही, ठीक आहे. पण टोन कसा येणार?"

टोन म्हणजे काय हे मला आजवर कोणी धड सांगितलेलं नाही. तो असतो किंवा नसतो, आणि आपल्याकडे तो नेहमी नसतो. मागच्या पिढीतले गवई आवाजाच्या 'लगावा'बद्दल बोलायचे, तसंच हे. फरक इतकाच की लगाव रियाजाने यायचा, आणि टोन सातशे रुपयांच्या पाकिटात मिळतो अशी समजूत आहे.

मी दुसऱ्याच दिवशी तारा आणायला गेलो. दुकानदाराला म्हटलं, जरा जाड तारा द्या, गिटारच्या. त्याने दिल्या. सोनेरी, देखण्या, दसऱ्याला वाटाव्यात अशा. घरी येऊन चढवल्या, ॲम्प्लिफायर लावला, आणि खालच्या दोन बारीक तारा केकाटायला लागल्या, तर वरच्या चार नुसत्या कुजबुजत होत्या. अर्धा तास मी ॲम्प्लिफायरच्या बटणांशी झगडलो. भाच्याला फोटो पाठवला. त्याचा फोन आला तेव्हा मागे चार-पाच जण हसत होते.

झालं होतं असं, की मी ॲकूस्टिक गिटारीच्या तारा आणल्या होत्या. त्यांच्या जाड तारांवर ब्राँझचं वेटोळं असतं. लाकडी पेटीतून आवाज काढायचा तर ब्राँझ उत्तम. पण इलेक्ट्रिक गिटार तारेचा आवाज ऐकतच नाही. तारांखाली पिकअप असतो, म्हणजे चुंबक आणि त्याभोवती गुंडाळलेली हजारो वेढ्यांची केसासारखी तांब्याची तार. वर पोलादी तार थरथरली की चुंबकाचं क्षेत्र हलतं, वेढ्यांत बारीकशी वीज तयार होते, आणि ती वीज पुढे मोठी करून आपण शेजाऱ्यांना ऐकवतो. चुंबकाला ब्राँझ दिसत नाही. त्याला फक्त आतला पोलादाचा गाभा दिसतो. म्हणजे जाडजूड तार त्याच्या दृष्टीने किडकिडीत, आणि शेवटच्या दोन बिनवेढ्याच्या पोलादी तारा पैलवान. माझ्या गिटारीने त्या संध्याकाळी शास्त्रशुद्ध वाजून दाखवलं, एवढंच.

म्हणून इलेक्ट्रिकच्या जाड तारांवर वेटोळं असतं ते बहुधा निकेलचा मुलामा दिलेल्या पोलादाचं. काहींना शुद्ध निकेल लागतं, त्याचा आवाज जरा उबदार, जुना. काहींना स्टेनलेस स्टील, लखलखीत आणि थोडं कर्कश. जॅझवाल्यांना चपट्या पट्टीच्या वेटोळ्याच्या तारा आवडतात, त्यांवर बोट सरकताना चिरका आवाज येत नाही. यातलं काय घ्यावं हा प्रश्न मी दुकानदाराला विचारला असता तर त्याने मला सोनेरी दिसते तीच दिली असती. दुसऱ्या खेपेला मी पाकिटाचा फोटो घेऊन गेलो.

अशा रीतीने टेन घरात आले.

आता टेनची पहिली तार नाइनच्या पहिल्या तारेपेक्षा जाड असते ती २५ मायक्रॉनने. माणसाच्या केसाच्या निम्म्याहूनही कमी. डोळ्यांना दिसत नाही, बोटांना चिमटीत कळत नाही. पण तारेचं वजन जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं, आणि तोच सूर त्याच लांबीच्या तारेतून काढायचा तर ताणही वजनाच्या प्रमाणात वाढवावा लागतो. हा नियम मारँ मर्सेन नावाच्या फ्रेंच धर्मगुरूने १६३६ सालीच लिहून ठेवला आहे. त्या काळी इकडे शहाजहान गादीवर होता आणि तिकडे हा पाद्री तारा मोजत बसला होता. नऊ आणि दहा यांचे वर्ग एक्याऐंशी आणि शंभर. जाडी वाढली ११ टक्के, ताण वाढला २३ टक्के. पगारात असं कधी होत नाही.

माझी गिटार स्ट्रॅटोकास्टरच्या घाटाची. हा घाट १९५४ चा, फेंडर कंपनीचा, आणि त्यात तारेची वाजती लांबी साडेपंचवीस इंच. गिब्सनच्या गिटारींची लांबी साधारण पाऊण इंच कमी असते, तिथे तेच पाकीट सहाएक टक्के सैल लागतं. त्यामुळे दोन गिटारवाले "टेन जड की हलके" यावर तासभर वाद घालतात आणि दोघंही बरोबर असतात. असा वाद मराठी माणसाला आवडायला हवा, पण का कोण जाणे, आपण अजून जमिनीच्या हद्दीवरच अडकलोय.

मी तारा चढवल्या आणि सूर लावायला बसलो. सहावी लावली. पाचवी लावली. चौथी लावून बघतो तर सहावी उतरलेली. सहावी पुन्हा चढवली, तर पाचवी गेली. आमच्या सोसायटीत पहिल्या मजल्याने पंप लावला की चौथ्या मजल्याचा नळ सुस्कारे टाकतो, तसं हे. कारणही तेच. स्ट्रॅटचा ब्रिज, म्हणजे घोडी, पक्का बसवलेला नसतो. पुढून सहा तारा त्याला ओढतात आणि गिटारीच्या पाठीतल्या कप्प्यात बसलेल्या स्प्रिंगा मागून ओढतात. रस्सीखेच चाललेली असते, आणि दोन्ही बाजू सारख्या ताकदीच्या असतात म्हणून बघणाऱ्याला वाटतं की काही चाललेलं नाही. नाइनच्या हिशेबाने लावलेल्या तीन स्प्रिंगांसमोर मी अचानक साडेआठ किलो जास्तीचे उभे केले. ब्रिज पुढे कलला, मागून उचलला गेला. एक तार चढवली की तो अजून थोडा कलायचा आणि बाकीच्या पाच तारांचं पाणी जायचं.

रात्री साडेदहापर्यंत मी पिळत होतो. बायको म्हणाली, "अहो, वाजवणार कधी?" मी म्हटलं, लागली की वाजवतो. आतून आईचा आवाज आला, "असू दे गं. तंबोरा असाच लागतो."

आईचा तंबोरा मिरजेचा आहे, सतारमेकर गल्लीतून आणलेला, माझ्यापेक्षा वयाने मोठा. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा तिने पेढे मागवले होते, घरातलंच कुणी पास झाल्यासारखे. ती पंधरा मिनिटं तंबोरा लावते आणि दहा मिनिटं गाते. तिच्या मते हेच प्रमाण योग्य आहे आणि हल्लीच्या लोकांचं उलटं झालंय.

बरं, सूर कसाबसा लागला तर तारा पडद्यांपासून इतक्या वर गेल्या होत्या की खालून मुंगळा ताठ मानेने गेला असता. याला गिटारवाले 'ॲक्शन हाय' म्हणतात. बाराव्या पडद्याशी तारेखाली दीड ते दोन मिलीमीटर मोकळी जागा असावी. माझ्याकडे साडेतीन होती. कारणं दोन. एक म्हणजे उचललेला ब्रिज. दुसरं, वाढलेल्या ओढीने मानच पुढे वाकली होती, धनुष्यासारखी. बोटं दुखायला लागली. ऑफिसात की-बोर्डवर टायपिंग करताना मी 'स्स' करायचो आणि शेजारच्या टेबलावरच्या बाई विचारायच्या, काही भाजलं का?

आणि मग तिसरी तार. तिचं एक वेगळंच प्रकरण. ती पिळताना मध्येच 'टिंग' असा आवाज करायची आणि एकदम पाव सूर पुढे उडी मारायची. मानेच्या टोकाला जी खाचांची पट्टी असते, जिला सतारीत मेरू म्हणतात आणि गिटारीत नट, तिच्या खाचा नाइनच्या मापाने कोरलेल्या होत्या. जाड तार त्यांत अडकायची, ताण साठायचा आणि एकदम सुटायचा. यावर जगभरचे गिटारवाले एकच गावठी औषध करतात. खाचेत पेन्सिल घासतात, म्हणजे ग्रॅफाइटच्या भुकटीने तार सरकते. मुलाच्या दप्तरातून मी नटराज पेन्सिल काढली. नटाला नटराजच हवा, असा विनोद मी बायकोला ऐकवला. ती हसली नाही. मुलगा दुसऱ्या दिवशी चित्रकलेच्या तासाला पेन्सिलीशिवाय गेला आणि वहीत शेरा घेऊन आला. पालकांची सही मीच केली.

इथवर मी थांबलो असतो तरी निभावलं असतं. पण मला कळलं होतं की गिटारीच्या मानेत आतून एक लोखंडी सळई असते. तिला ट्रस रॉड म्हणतात. गिब्सनच्या कारखान्यातल्या थॅडियस मॅकह्यू यांना तिचं पेटंट १९२३ साली मिळालं. तारा मान पुढे वाकवतात, ही सळई आवळली की मान मागे येते. टोकाला ॲलन की लावून फिरवायची, एका वेळी पाव फेरा, आणि मग लाकडाला जरा सवड द्यायची. ही सगळी माहिती मी वाचली होती. 'पाव' हा शब्द मात्र घाईत वाचला असावा.

मी दीड फेरा दिला.

मान आधी सरळ झाली आणि मग दुसरीकडे वाकली, रागावलेल्या मांजरासारखी. आता तारा पहिल्या तीन-चार पडद्यांवर घासायला लागल्या. कुठलाही सूर वाजवा, 'झ्झ्झ' असा गुंजारव. मी हबकून बसलो. आई मात्र बाहेर आली, खुर्ची ओढून बसली आणि प्रथमच माझ्या गिटारीकडे कौतुकाने बघत म्हणाली, "हं! आत्ता कशी जवारी निघाली!"

तिचं चुकत नव्हतं. तंबोऱ्याच्या घोडीवर तार मुद्दाम हलकीशी घासू देतात, तिच्याखाली सुताचा धागा सरकवून ती जागा हुडकतात, आणि त्या घासण्यातून जी झिणझिण उमटते तिलाच जवारी म्हणतात. मिरजेत ती साधायला कारागीर घोडी कानस लावून लावून घासतात. मी तीच गोष्ट ॲलन कीने मिनिटभरात साधली होती, फक्त चुकीच्या वाद्यावर. गिटारवाले तिला 'फ्रेट बझ' म्हणतात आणि ती आली की तोंड पाडून बसतात. एका गावात जिला लक्ष्मी म्हणून ओवाळतात तिला दुसऱ्या गावात अवदसा म्हणतात.

भाच्याला फोन केला. तो म्हणाला, "मामा, प्लीज, आता कशालाही हात लावू नका." हीच वाक्यरचना माझ्या बायकोने गीझरच्या वेळी केली होती.

पण मी हात लावला. कुठेतरी वाचलं होतं की बेस वाजवणारे जुन्या तारा पाण्यात उकळतात. बेसच्या तारा महाग, आणि उकळल्या की वेटोळ्यांतला घामाचा मळ सुटून त्यांचा आवाज काही दिवस पुन्हा खणखणीत होतो. हे खरं आहे. म्हणून मी काढलेले नाइन उकळायला ठेवले, म्हटलं टेन झेपले नाहीत तर परत लावू. बायकोने झाकण काढलं तेव्हा आत शेवयांसारखं काहीतरी खदखदत होतं. ते पातेलं बटाटे उकडायचं होतं. त्यानंतर त्या पातेल्यात बटाटे उकडले गेलेले नाहीत. तारांचं म्हणाल तर ठाण्याच्या पावसाळ्यांत सहा वर्षं गंजलेलं पोलाद उकळून पोलादच राहिलं, फक्त गरम झालं.

शेवटी गिटार पाठीला अडकवून मी लोकलने वांद्र्याला गेलो. तिथे एका गल्लीत मूळचे गोव्याचे एक अंकल गिटारी दुरुस्त करतात. वय पंचाहत्तरच्या पुढे. तरुणपणी हॉटेलांतल्या बँडमध्ये वाजवायचे. त्यांनी गिटार डोळ्याजवळ धरून मानेवरून नेम धरल्यासारखं पाहिलं, आणि शांतपणे विचारलं, "कितें केलें रे हें?"

मी सगळं सांगितलं. त्यांनी मध्ये एकदाच मान हलवली, नटराजच्या वेळी. ती त्यांना पसंत होती.

मग त्यांनी जे केलं ते मी जवळ स्टुलावर बसून पाहिलं. आधी सळई सैल केली, मान मोकळी होऊ दिली. पाठीचं झाकण उघडलं, चौथी स्प्रिंग अडकवली, आणि स्प्रिंगांना धरून ठेवणारे दोन स्क्रू थोडे थोडे पिळत ब्रिज पुन्हा जागेवर आणला. पावपाव फेऱ्याने सळई आवळली. पहिल्या पडद्यावर आणि शेवटाकडच्या एका पडद्यावर तार दाबून धरली आणि मधल्या फटीत पात्यांच्या जुडीतलं एक पातं सरकवलं. ती जुडी मी ओळखली. आमच्या स्कूटरचा मेकॅनिक टॅपेट सेट करायला वापरतो तेच फिलर गेज. पाव मिलीमीटर फट हवी, ते म्हणाले. मान अगदी सरळसोट असून भागत नाही, कारण तार वाजताना मध्यात जास्त हेलकावते, तिला तेवढं अंगण लागतं. नटाच्या खाचा त्यांनी बारीक कानशीने रुंद केल्या, इतक्या हळू की मी मध्येच चहा पिऊन आलो.

शेवटी आलं इंटोनेशन. तार बाराव्या पडद्यावर दाबली की बरोब्बर वरचा सा यायला हवा. पण दाबताना तार ताणली जाते आणि सूर किंचित चढतो, आणि जाड, ताठ तार जास्त चढते. म्हणून ब्रिजवर प्रत्येक तारेखाली एक छोटी सरकती पट्टी असते. ती मागे घेतली की तार लांबते आणि चढलेला सूर खाली येतो. सहा तारांच्या सहा पट्ट्या सहा वेगळ्या जागी. अंकलना सगळ्यात जास्त वेळ लागला तो तिसऱ्या तारेला. "ही कायम त्रास देते," ते म्हणाले. वेटोळं नसलेल्या तारांत ही सगळ्यात जाड, म्हणून सगळ्यात हट्टी.

काम करताना ते बोलत होते. पूर्वी हिलाही वेटोळं असायचं. पन्नाशीच्या दशकातली पाकिटं बारापासून सुरू व्हायची आणि तार बोटाने ढकलून सूर वर न्यायचा, म्हणजे आपली मींड घ्यायची, तर मनगट जायचं. मग वाजवणाऱ्यांनी युक्ती काढली. पहिल्या तारेच्या जागी बँजोची बारीक तार लावायची, पहिली दुसरीच्या जागी, दुसरी तिसरीच्या, आणि सहावी फेकून द्यायची. कॅलिफोर्नियात अर्नी बॉल यांनी १९६२ च्या सुमाराला बारीक तारांची पाकिटंच 'स्लिंकी' नावाने विकायला सुरुवात केली आणि बँजोचा धंदा त्या बाजूने बसला. माझे 'शिकाऊ' नाइन म्हणजे एका मोठ्या बंडाचे वारसदार होते, आणि मी ते बटाट्याच्या पातेल्यात उकळले होते.

मी त्यांना विचारलं, पण जाड तारेला टोन असतो म्हणतात ना?

असतो थोडा, ते म्हणाले. चुंबकापुढे जास्त लोखंड हललं की जास्त वीज. बुंध्याचा सूर भरीव लागतो. जोरात छेडली तरी तार बहकत नाही. टेक्ससचे स्टीव्ही रे वॉन तेराची पाकिटं लावायचे. नाइनच्या पहिल्या तारेला जेवढा ताण, त्याच्या दुपटीहून जास्त. तेसुद्धा गिटार अर्धा सूर उतरवून ठेवायचे, त्याने ताण अकरा टक्के कमी होतो, आणि तरीही बोटांची सालं निघायची तेव्हा सुपरग्लूने चिकटवून पुढे वाजवायचे. हे ऐकल्यावर मला माझ्या 'स्स'ची लाज वाटली.

पण अंकलनी लगेच दुसरी बाजू सांगितली. इंग्लंडात बर्मिंगहॅमला टोनी आयोमी नावाचा सतरा वर्षांचा मुलगा पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. १९६५ साली यंत्रात त्याच्या दोन बोटांची टोकं गेली. डावखुरा असल्याने तार दाबायच्या हाताचीच. त्याने साबणाच्या प्लॅस्टिकच्या बाटलीचा तुकडा वितळवून बोटांना टोपणं केली, वर कातडं चिकटवलं, आणि जाड तार त्या बोटांना दाबवेना म्हणून मिळतील तेवढ्या बारीक तारा लावल्या. पुढे ताण अजून कमी करायला गिटार दीड सूर उतरवली. त्यातून त्याच्या ब्लॅक सॅबथ या बँडचा तो काळाकभिन्न, छातीत बसणारा आवाज निघाला. हेवी मेटल म्हणून जग ज्याला ओळखतं त्याची सुरुवात सगळ्यात हलक्या तारांवर झाली. आणि दाढीवाले बिली गिबन्स जाड तारा लावून मेहनत करायचे, ते बी. बी. किंग यांनी एकदा त्यांची गिटार हातात घेऊन एवढे कष्ट कशाला असं विचारेपर्यंत. गिबन्स तेव्हापासून उतरत उतरत आठावर आणि सातावर आले. त्यांच्या आवाजाला आजही कोणी किडकिडीत म्हणत नाही.

"मग मी काय लावू?" मी विचारलं.

अंकलनी माझ्या बोटांकडे पाहिलं, मग गिटारीकडे, मग घड्याळाकडे. "आता टेनचा सेटअप केला. टेनच लाव. परत बदलशील तर परत पैसे."

इतका पटणारा सल्ला मला संगीतात कोणी दिलेला नाही. अजूनही टेनच आहेत.

बाय द वे, 'तारांबळ' हा शब्द लग्नाच्या मांडवातून आला म्हणतात. मंगलाष्टकं संपत आली की भटजी ताराबळ-चंद्रबळाचा श्लोक घाईघाईने उरकतात आणि सगळ्यांची अक्षता टाकायची धांदल उडते, त्यावरून. हे मला परतीच्या लोकलमध्ये आठवलं. गिटार दोन्ही हातांनी छातीशी धरून, दारात उभं राहून, ४७ किलो तारांचं बळ सांभाळत येताना तो शब्द गिटारवाल्यांनीच काढला असावा असं वाटत होतं.

दिवाळीत भाचा आला, स्वतःची गिटार घेऊन. तोच घाट, तसलेच पिकअप, फक्त तारा इलेव्हन. माझी गिटार वाजवून बघितली आणि म्हणाला, "छान झालीय. पण मामा, इलेव्हनला जी बॉडी असते ना..."

मी म्हटलं, परीक्षा देतोस? तोंड भिंतीकडे कर. मी दोन वेळा वाजवतो, तू सांग कुठली इलेव्हन.

तो भिंतीकडे वळला. बायको, मुलगा, बहीण, सगळे चकलीची ताटली घेऊन जमले. मी माझी गिटार घेतली आणि एक तुकडा वाजवला. मग त्याची गिटार उचलल्याचा आवाज केला, केबलची पिन काढून पुन्हा खुपसली, खाकरलो, आणि माझीच गिटार घेऊन तोच तुकडा पुन्हा वाजवला. मुलाने हसू दाबायला अख्खी चकली तोंडात घातली.

"दुसरी!" भाचा न वळता म्हणाला. "दुसरी इलेव्हन. बघा ना मामा, केवढा फरक आहे! पहिल्यात ती बॉडीच नव्हती."

सगळे हसायला लागले. तो वळला, त्याला कळलं, आणि कानापर्यंत लाल झाला. मी अगदी निवांत खुर्चीत रेललो. दीड महिन्यात पहिल्यांदा मला आपल्यात काहीतरी टोन असल्यासारखं वाटलं.

आई देवघरात वाती वळत होती. हसणं ओसरल्यावर तिथून तिचा आवाज आला.

"दोन्ही वेळेला तिसरी तार उतरलेली होती रे."

मी ट्यूनर लावून बघितला. होती.